टेस्ट कुठल्या भाषेत घेणार?

"जुळे सोलापुरात चांगला चाइल्ड सायकॉलॉजिस्ट कोण आहे ओ?" आमच्या पालकांच्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी कुणीतरी आई विचारते आणि खाली धडाधड नंबर पडतात. मीही असाच एक नंबर उचलला होता.

मुलगा तेव्हा तिसरीत. तोंडी सगळं यायचं, वहीत मात्र 'पाणी'चं 'पणी', इंग्रजीत बी आणि डी उलटेपालटे. बाईंचा शेरा ठरलेला : लक्ष नसते. त्या ठिकाणी पाऊण तासात इंग्रजीतून टेस्ट उरकली आणि रिपोर्ट हातात : बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा कमी. त्याच संध्याकाळी हे पोरगं नानम्माला, म्हणजे आजीला, टॉवेलच्या डझनांचा हिशोब तेलुगूत, बोटंसुद्धा न मोजता करून देत होतं!

सोलापूर आहे हे. घरात तेलुगू, गल्लीत मराठी-कन्नड, शाळेत इंग्रजी. मूल अडखळतं ते इंग्रजी कच्चं म्हणून, की अक्षरंच जुळत नाहीत म्हणून? एकाच भाषेत तपासून कसं कळणार? डिस्लेक्सिया, म्हणजे हीच वाचन-लेखनातली अडचण, तपासण्यासाठी मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची 'डाली' चाचणी मराठी आणि कन्नडमध्येही आहे. विचारलं तर पाहिजे ना आपण!

दुसऱ्या मॅडमनी आधी हेच विचारलं, "घरी भांडताना कुठली भाषा बोलतो?" मी हसले, पण प्रश्न बरोबर होता. दोन बैठका घेतल्या, जुन्या वह्या मागवल्या, वर्गशिक्षिकेला फोन केला. निघाली अध्ययन अक्षमता, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी; डिस्लेक्सिया त्यातलाच. बुद्धी ठणठणीत.

म्हणून हल्ली मी नंबर देत नाही, आधी नोंदणी बघा म्हणते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरमध्ये असतं. 'काउन्सिलर' अशी पाटी काय, कुणीही लावतं. आणि नुसत्या खासगी रिपोर्टवर थांबू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, दहावीला जादा वेळही मिळतो, पण त्याला सरकारी प्रमाणपत्र लागतं.

खरा राग वेगळाच आहे. हे माणूस आम्ही गावभर का शोधायचं? परवाच्या पालकसभेत मी म्हटलं, स्केटिंगला सर ठेवलेत, मग आठवड्यातून एक दिवस सायकॉलॉजिस्ट का नाही? "मॅडम, लेखी द्या."

दिलंय. पोच घेतलीय, शिक्क्यासकट.