‘दानाचं पुस्तक नाकारू नका, जुनं काढू नका’ : हा सल्ला ग्रंथालयाने का मानू नये

‘खरं ग्रंथालय दान आलेलं पुस्तक नाकारत नाही, जुनं पुस्तक काढत नाही, निवड करणं ही सेन्सॉरशिप’ असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यामागची पुस्तकांची माया खरी आहे. विधानं मात्र तिन्ही चुकीची आहेत.

‘दानाचं पुस्तक फुकट असतं.’ नसतं. दाखल नोंदवहीत (आलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या वहीत) नोंद, वर्गांक म्हणजे विषयाचा क्रमांक, शिक्के, पाठीवर लेबल, आत तारीखपत्रक एवढं प्रत्येक प्रतीला लागतंच. जागाही लागते. सरासरी अडीच सेंटिमीटर जाडीची २०० पुस्तकं म्हणजे पाच मीटर. ९० सेंटिमीटरची फळी तीन चतुर्थांशच भरायची असते, म्हणजे आठ फळ्या गेल्या. शिवाय पाठीच्या शिलाईजवळ बारीक भोकं आणि भुगा दिसला तर तो गठ्ठा कपाटाजवळ नेऊच नये. कीड शेजारच्या पुस्तकांत शिरते. म्हणून दान घेतानाच ‘पुस्तकांचं काय करायचं हे ग्रंथालय ठरवेल’ या वाक्याखाली देणाऱ्याची सही घ्यावी. पुढचे बहुतेक रुसवे तिथेच टळतात.

‘जुनं काढणं म्हणजे ज्ञानाचा नाश.’ १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. स्पर्धा परीक्षेच्या फळीवर जुनं गाइड तसंच राहिलं तर मुलं रद्द झालेली कलमं पाठ करतील. ती गाइडं काढायचीच. पण जुन्या कायद्यावरचं एक चांगलं भाष्य संदर्भ विभागात ठेवायचं, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो. वैद्यकाच्या पुस्तकांना टेक्सासच्या राज्य ग्रंथालयाची पुस्तकं छाटण्याची ‘क्रू’ पद्धत ५/३ हे सूत्र लावते: प्रकाशनाला पाच वर्षं उलटली किंवा तीन वर्षांत कोणी नेलं नाही, तर पुस्तक तपासायला बाहेर काढायचं. तपासायला, लगेच टाकायला नाही. १८६७ पर्यंतची मराठी दोलामुद्रितं, म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं, गावाचा इतिहास, दिवाळी अंकांचे बांधीव खंड यांना हे सूत्र कधीच लावू नये. ती कोणी वर्षानुवर्षं नेली नाहीत तरी जपायचीच.

चूक होते ती निर्लेखनाच्या, म्हणजे पुस्तक नोंदीतून रीतसर काढून टाकण्याच्या, कागदात. समितीचा ठराव, बाद पुस्तकांची यादी, दाखल नोंदवहीच्या शेऱ्यात ठरावाची तारीख, पुस्तकावर ‘रद्द’ शिक्का. यातलं काही राहिलं की पुढच्या पडताळणीत तीच पुस्तकं ‘गहाळ’ म्हणून निघतात.

‘निवड म्हणजे सेन्सॉरशिप.’ पैसा मोजका असतो, तेव्हा निवड टळत नाही. धोरण लिहिलेलं नसलं की जास्त कमिशन देणाऱ्या विक्रेत्याची यादी एकगठ्ठा घेतली जाते आणि विज्ञान, कविता मागे पडतात. पुस्तकावर आक्षेप आला तर तो लेखी घ्यावा, आक्षेपकाने पूर्ण पुस्तक वाचलं का हे अर्जातच विचारावं, आणि समितीचा निर्णय होईपर्यंत पुस्तक फळीवरच ठेवावं.