गड उतरल्यावर मांड्या दुखतात, त्याला लॅक्टिक ॲसिड जबाबदार नाही

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात एक मेसेज फिरतो. यंदा सिंहगडाच्या दुसऱ्याच दिवशी आला, सगळे जिन्याचा कठडा धरून उतरत होते तेव्हा. म्हणणं असं: व्यायामात स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साठतं आणि दोन-तीन दिवस त्यांना जाळत राहतं, म्हणून अंग दुखतं, लिंबूपाणी आणि मालिशने ते बाहेर पडतं, दुखलं नाही तर व्यायाम झालाच नाही, आणि व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते.

‘ॲसिड साठतं.’ साठत नाही. चढताना धाप लागते तेव्हा लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिड शरीरात याच रूपात असतं) वाढतं हे खरं, पण थांबल्यावर साधारण तासाभरात ते मूळ पातळीवर येतं. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. मांड्या मात्र भरून येतात दुसऱ्या दिवशी, कधी कधी तिसऱ्या. १९८३ साली हे सरळ तपासून पाहिलं गेलं. काहींना ट्रेडमिलवर सपाटीला ४५ मिनिटं पळवलं, काहींना उतारावर. सपाटीवर लॅक्टेट वाढलं, दुखणं नाही. उतारावर लॅक्टेट वाढलं नाही, पण पाय जबरदस्त दुखले. खरं तर मेसेजचा निकाल इथेच लागतो.

मग दुखतं काय? मटण नीट शिजलं की त्याचे धागे सुटतात. तो एकेक धागा म्हणजे स्नायुतंतूंची जुडी. एक तंतू म्हणजे एकच पेशी, जाडीला केसाएवढी, पण लांबीला कित्येक सेंटिमीटर असू शकते. तिच्या आत आणखी बारीक तंतुक, आणि प्रत्येक तंतुक म्हणजे सार्कोमिअर नावाच्या कप्प्यांची माळ. एक कप्पा जेमतेम अडीच मायक्रोमीटरचा. सेंटिमीटरभर लांबीत असे चारेक हजार. कप्प्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड आणि ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे एकमेकांत शिरलेले असतात.

स्नायू आखडतो तेव्हा हे धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. मे १९५४मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेच्या एकाच अंकात शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. दोन्हीकडे हक्सली आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ, आणि त्यांचं एकमेकांशी नातं काही नाही!

आडावर पोहरा शेंदताना आठवा. एक हात दोरी धरून ओढतो, सोडतो, पुढे जाऊन पुन्हा धरतो. मायोसिनची असंख्य टोकं ॲक्टिनची दोरी अशीच ओढतात. मज्जातंतूचा इशारा आला की पेशीत कॅल्शियम सुटतं आणि ॲक्टिनवरच्या पकडीच्या जागा उघड्या पडतात. गंमत म्हणजे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं ते पकड सोडवायला. मेल्यावर शरीर ताठतं ते यामुळेच: एटीपी संपलं, हात दोरीवर अडकले.

आता भरलेला पोहरा हळूहळू खाली सोडून पाहा. पकड तर ठेवायची, आणि दोरी मात्र हातांतून ओढली जातेय. तळहात सोलवटतात ते शेंदताना नव्हे, असं सोडताना. गड उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो: जोर लावत असतानाच ताणला जातो. काही कप्पे प्रमाणाबाहेर ताणले जातात, त्यांच्या भिंती वेड्यावाकड्या होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसतं. मग दुरुस्तीसाठी सूज येते, चेतातंतू हळवे होतात. याला काही तास जातात, म्हणून दुखणं उशिरा सुरू होतं. स्नायूत बारीक इजा होत असावी, हा अंदाज शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी १९०२मध्येच बांधला होता.

लिंबूपाणी, मालिश. ॲसिड काढायला पुन्हा ॲसिडच प्यायचं? तहान लागली असेल तर जरूर प्या. मालिशने बरं वाटतं, तीही करा. बाहेर मात्र काही पडत नाही, कारण आत काही उरलेलंच नसतं.

‘दुखलं नाही तर फुकट.’ तोच गड दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा उतरा, निम्मंही दुखणार नाही. स्नायू तेवढ्यात त्या ताणाला सरावलेला असतो. रोज शेकडो बैठका मारणारा पैलवान रोज लंगडत तालमीबाहेर पडत नाही, म्हणून त्याची मेहनत वाया गेली का?

‘स्नायूंची चरबी होते.’ स्नायूची पेशी वेगळी, चरबीची वेगळी. एकीची दुसरी होत नाही. व्यायाम थांबला की तंतू बारीक होतात आणि खाणं तेवढंच राहिलं तर चरबी वाढते. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, एवढंच.

मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते मात्र नव्हतं. जड व्यायामानंतर दुखणं सहन होईना, स्नायू सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायूतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरलेलं असू शकतं आणि ते मूत्रपिंडांना बाधतं. तेव्हा लिंबू पिळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.