'विंडोज अपडेट चालू आहे ना, मग झालं' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: विंडोज अपडेट चालू असेल तर बाकी सॉफ्टवेअरकडे बघायची गरज नाही, अगदीच हौस असेल तर खालच्या लिंकवरून फुकटचा अपडेटर टाका, आणि २०१७ साली जेएनपीटी बंदराचं काम ठप्प झालं ते एका अपडेटमुळेच. म्हणजे अपडेटला घाबरा आणि अपडेटर टाका, दोन्ही एका दमात!

पहिलं. विंडोज अपडेट विंडोजचं बघतं, बरेचसे ड्रायव्हरही आणतं. विनरार, व्हीएलसी, सेव्हन-झिप अशी बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअर त्याच्या खिजगणतीत नाहीत. तळमजल्यावरच्या काकांच्या लॅपटॉपवर परवा विनरार ५.४० निघालं. हे आवळलेल्या फाइल उलगडणारं सॉफ्टवेअर आपणहून अपडेट होत नाही. त्यात १९ वर्षं पडून असलेली एक खोट २०१९ मध्ये उघड झाली: मुद्दाम बनवलेली एसीई फाइल (झिपसारखाच एक आवळलेला प्रकार) उलगडली की ती स्टार्टअप फोल्डरमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप चालणाऱ्या गोष्टींच्या जागी, हवं ते टाकू शकायची. ५.७० मध्ये ती दुरुस्त झाली. काकांकडे मात्र खोट तशीच, आणि वर विंडोज अपडेटची हिरवी खूण.

लिंकवरचा अपडेटर? अहो, अपडेटरला आपण ॲडमिनचे हक्क देतो, म्हणजे घराची किल्लीच. ती कुठल्याही लिंकच्या हाती कशी द्यायची? विंडोज ११ मध्ये सॉफ्टवेअर टाकायला आणि अपडेट करायला मायक्रोसॉफ्टचंच विंगेट आधीपासून आहे. टर्मिनल उघडून 'विंगेट अपग्रेड' (winget upgrade) ही कमांड इंग्रजीत टाइप करायची. काळ्या खिडकीत तक्ता येतो: नाव, आत्ताची आवृत्ती, उपलब्ध आवृत्ती. काकांकडे नऊ ओळी आल्या. ज्यांची आवृत्ती विंगेटला कळत नाही ती सॉफ्टवेअर ते बाजूला ठेवतं, आणि जी त्याच्या यादीतच नाहीत ती आपल्यालाच बघावी लागतात. तेवढी कटकट आहे.

जेएनपीटीच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे, ते नाकारत नाही. ते काम ठप्प करणारा नॉटपेट्या हा व्हायरस आधी शिरला तो युक्रेनमधल्या एम.ई.डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून तो न्हावाशेवाच्या, म्हणजे जेएनपीटीतल्या, टर्मिनलपर्यंत पोचला. त्याच वर्षी सीक्लीनर या मशीन साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरची अधिकृत आवृत्तीही विषारी निघाली होती. पण नॉटपेट्या एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरायला विंडोजमधली जी खोट वापरत होता, तिची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, हल्ला जूनचा. शिवाय तो मेमरीतले पासवर्ड चोरून अपडेट केलेल्या मशीनवरही उडी मारायचा, म्हणून ऑफिसात एक मशीन जुनं राहिलं तरी बाकीच्यांना ताप. यावरून 'अपडेट नकोच' कसं निघतं, ते मेसेज लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

काकांच्या नऊपैकी आठ ओळी वीसेक मिनिटांत मार्गी लागल्या. नववं त्यांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर. त्याला हात लावला नाही. आधी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेऊ, आणि रिटर्न भरून झाल्यावर बघू, असं ठरलंय.