"लहानपणी ऑपरेशन झालं, विषय संपला"? नाही हो, संपत नाही

तो मेसेज परत फिरतोय. जन्मतः हार्टचा प्रॉब्लेम असलेल्या बाळाचं ऑपरेशन झालं की मूल कायमचं बरं, त्रास नसेल तर पुढे तपासण्या नकोत, मोठेपणी कुठलाही हार्टचा डॉक्टर चालतो, आणि मुलांना फार सांगू नका, घाबरतात. आईबापांना धीर द्यायला लिहिलंय हे कळतं, पण याच्या भरवशावर फॉलोअप सोडला तर भोगावं त्या मुलाला लागतं, म्हणून लिहितेय.

"कायमचं बरं": काहींच्या बाबतीत खरंय. छोटा पीडीए (हार्टजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधली, जन्मानंतरही उघडी राहिलेली वाट) पूर्ण बंद झाला, मागे काही उरलं नाही, तर डॉक्टरच सांगतात आता यायची गरज नाही. पण टेट्रालॉजी ऑफ फॅलो घ्या, ज्यात बाळ निळं पडतं. हे ऑपरेशन १९५४ पासून होतंय आणि त्याने असंख्य जीव वाचलेत. पण फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोठी करताना बऱ्याचदा तिथली झडप नीट बंद होईनाशी होते, मग रक्त मागे येत राहतं आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणत जातो. अनेकांना तरुणपणी नवी झडप बसवावी लागते.

"त्रास नसेल तर": इथेच सगळे फसतात. तो माणूस कामावर जातोय, जिने चढतोय, थोडा दम लागला तरी त्याला ते लहानपणापासून नॉर्मलच वाटतं, आणि कप्पा किती मोठा झालाय ते एको नाहीतर एमआरआयमध्येच दिसतं, झडप बदलायची योग्य वेळ निघून गेली की कप्पा पूर्वीसारखा होईलच असं नाही. फॉन्टान (हार्टचा एकच कप्पा नीट चालत असेल तेव्हा करतात ते ऑपरेशन, ज्यात शरीरातून परत येणारं रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवतात) झालेल्यांचं तर लिव्हरही तपासत राहावं लागतं, कारण शिरांमधलं वाढलेलं प्रेशर लिव्हरवर येतं.

"कुठलाही डॉक्टर चालतो": इमर्जन्सीत जवळ असेल तो गाठाच. पण नेहमीच्या फॉलोअपला जन्मजात हृदयविकार असलेल्या मोठ्या माणसांवर उपचार करणारे स्पेशालिस्ट वेगळे असतात, निदान सुरुवातीला एकदा तरी त्यांना दाखवा.

"मुलांना सांगू नका" हे मला सगळ्यात जास्त खटकलं. पंधरा वर्षांची मुलगी समोर बसलीये, डॉक्टर तिला विचारतात दम लागतो का गं, आणि उत्तर देते आई. गोळ्यांची नावं आईला पाठ, फाईल आईच्या पिशवीत. ही मुलगी अठराव्या वर्षी मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे एकटी जाणार कशी? म्हणून बारा-तेराव्या वर्षापासूनच थोडं थोडं सांगायला हवं: आपल्या आजाराचं नाव, कुठलं ऑपरेशन झालं, गोळी कशासाठी, छातीत अचानक धडधड वाढली किंवा चक्कर आली तर काय करायचं. डॉक्टरांशी दहा मिनिटं एकटीला बोलू द्या. ऑपरेशनच्या कागदांची एक कॉपी तिच्या मोबाईलमध्ये असू द्या. आणि मुलींना एक गोष्ट वेळेत कळायलाच हवी, की गर्भनिरोधक गोळ्या आणि बाळंतपण दोन्ही आधी कार्डिओलॉजिस्टला विचारून. काही प्रकारांत, उदाहरणार्थ आयझेनमेंगर (हार्टमधल्या छिद्रामुळे फुफ्फुसांतलं प्रेशर खूप वाढून रक्त उलटं वाहू लागतं तो प्रकार), गरोदरपण जिवावर बेतू शकतं, आणि हे तिला दिवस गेल्यावर पहिल्यांदा कळावं असं कुठल्याही आईबापांना वाटणार नाही.