तीन जिंकू. फार तर चार.

यंदाही, म्हणजे २०२५ साठी, परड्यूचं, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या आमच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचं, सीझन तिकीट काढलं. एक नाही, दोन. बायकोच्या फोनवर कार्डाचा मेसेज गेला. तिने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "पुन्हा?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग दुसरा प्रश्न आला, "आणि दोन कशाला?" याचं उत्तर खरंच माझ्याकडे नव्हतं, कारण दुसरी सीट तिचीच होती आणि गेल्या सप्टेंबरपासून तिने तिकडे पाऊल टाकलेलं नाही.

ज्यांना या खेळाचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे अमेरिकन फुटबॉल, त्यात पायाचं काम नावापुरतंच. कॉलेजच्या टीमला सीझनमध्ये बारा मॅच मिळतात. सहा जिंकल्या की साधारणपणे डिसेंबरात एखादा बोल गेम, म्हणजे सीझननंतरची जास्तीची मॅच, खेळायला मिळतो. आम्ही २०२४ मध्ये बारापैकी एक जिंकलो. ती पहिलीच होती, इंडियाना स्टेटविरुद्ध ४९-०. त्या रात्री आमच्या फॅन लोकांच्या ग्रुपवर लोकांनी बोल गेमसाठी विमानाची तिकिटं बघायला घेतली होती. त्यानंतर सलग अकरा हरलो.

बायकोने स्टेडियमचा निरोप घेतला ती मॅच नोटर डेमविरुद्धची. १४ सप्टेंबर २०२४, आमच्याच रॉस-एड स्टेडियमवर. मध्यंतराला ४२-०. विद्यार्थ्यांचा स्टँड बघता बघता रिकामा झाला आणि बाक उन्हात चकाकायला लागले. माझ्या डाव्या हाताला एक आजोबा बसतात, वर्षानुवर्षं तीच सीट. त्यांच्या खिशात छोटी वही आणि पेन्सिलीचा तुकडा असतो, आणि प्रत्येक टचडाउनला, म्हणजे बॉल मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये पोचला की, ते एक रेघ मारतात. त्या दिवशी समोरच्यांच्या रकान्यात जागा संपली, तर त्यांनी पान उलटलं. मागच्या बाजूला नवीन रकाना आखला, नीट, वहीच्याच कडेने सरळ रेघ धरून. मॅच ६६-७ संपली. उठताना त्यांनी विचारलं, "नेब्रास्काच्या मॅचला आहेस ना?" बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आहे."

(नेब्रास्काची मॅचही हरलो. २८-१०. त्यानंतर ऑफेन्सच्या, म्हणजे आक्रमणाच्या, कोचला नारळ मिळाला, सीझन संपताच हेड कोच रायन वॉल्टर्सही गेले. दोन वर्षांत ५ विजय, १९ पराभव. माणूस वाईट नव्हता, पण हिशोब समोर होता.)

आता नवीन कोच आलेत बॅरी ओडम. युएनएलव्ही म्हणजे लास वेगासच्या युनिव्हर्सिटीत दोन वर्षांत १९ मॅच जिंकून आले. जिथे फुटबॉलची कुणाला फारशी पडलेली नव्हती तिथे त्यांनी टीम दोन्ही वर्षं कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपल्या गटाच्या, फायनलला नेली. दोन्ही वेळा बॉइझी स्टेटकडून हरले, पण नेली. त्याआधी मिझुरीत चार वर्षांत २५ विजय आणि २५ पराभव. मला हा दुसरा आकडा जास्त आवडतो. बिग टेनमध्ये, म्हणजे आमच्या कॉन्फरन्समध्ये, पन्नास टक्के म्हणजे आमच्यासाठी आज लॉटरी आहे.

ओडम आल्यावर टीमची जी उलथापालथ झाली, ती मला अजून पचलेली नाही. ट्रान्सफर पोर्टल म्हणजे खेळाडूंनी कॉलेज बदलण्याची खिडकी. पूर्वी बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. आता अभ्यास ठीक असेल तर दरवर्षी बदला, कुणी अडवत नाही. आमच्याकडून मॅक्स क्लेअर ओहायो स्टेटला गेला, विल हेल्ट क्लेमसनला आणि डिलन थिनमन ओरेगॉनला. थिनमनचं जाणं मला लागलं. इंडियाना राज्यातलाच मुलगा, दोन थोरले भाऊ परड्यूकडूनच खेळलेले, पहिल्याच वर्षी सहा इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी फेकलेला बॉल सहा वेळा मधेच पकडला. त्याला दोष कसा देणार? मी स्वतः ऑफिसात बेंचवर बसवलं की कंपनी बदलणारा माणूस, एकवीस वर्षांच्या पोराला निष्ठा कुठल्या तोंडाने शिकवू? तरी लागलं.

आणि बाहेरून आले पन्नासहून जास्त नवीन खेळाडू. पन्नास! भाड्याने घर घेताना जुन्या भाडेकरूचं फर्निचरसुद्धा इतकं बदलत नाहीत. यंदापासून टीममध्ये १०५ जणच ठेवता येतात, म्हणजे निम्मी टीम अशी, जिला कॅम्पसवर लायब्ररी कुठे आहे हे विचारावं लागेल. शिवाय जूनमध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते, यंदा साधारण २०.५ मिलियन डॉलरपर्यंत, सगळे खेळ मिळून. मर्यादा सगळ्यांना सारखी. त्यावर बाहेरून देणगीदार काय घालतात, ते मात्र सारखं नाही, आणि तिथे आम्ही ओहायो स्टेटच्या जवळपासही नाही.

त्यामुळे मी दोनच खेळाडूंकडे बघणार आहे.

एक डेव्हिन मॉकोबी, पंचेचाळीस नंबर, रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. हा मुलगा स्कॉलरशिपशिवाय आला होता, वॉक-ऑन. २०२२ मध्ये ९६८ यार्ड पळून फ्रेशमनचा, म्हणजे नवख्या खेळाडूचा, परड्यूतला विक्रम केला. एक-अकराच्या सीझननंतर त्याला कुणीही उचललं असतं. तो राहिला.

दुसरा रायन ब्राउन, क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून आक्रमण चालवणारा. हा हिवाळ्यात नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि वसंत ऋतूत परत आला. ग्रुपवर यावरून भांडणं झाली. "गेला तो गेला, परत कशाला घेतला?" वगैरे. मी त्याला घ्या म्हणणाऱ्यांतला, आणि त्याचं कारण १२ ऑक्टोबर २०२४. इलिनॉयच्या मैदानावर आम्ही बरेच मागे पडलो होतो. मी किराणा घ्यायला निघालो होतो, दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि रेडिओ बंदच करवेना. ब्राउनची ती सुरुवातीपासून खेळण्याची पहिलीच मॅच, आणि पोरगा कधी स्वतः पळत होता, कधी फेकत होता. नियमित वेळ संपली तेव्हा ४३-४३. ओव्हरटाइममध्ये त्यांनी आधी सात घेतले. आम्हीही टचडाउन केला, ५०-४९. आता बॉलला किक मारून एक पॉइंट घ्या आणि बरोबरी करा, किंवा पुन्हा एकदा एंड झोनमध्ये घुसून दोन घ्या आणि घरी जा. वॉल्टर्सनी दोन मागितले. जमलं नाही. हरलो.

गाडीत पंधरा मिनिटं तसाच बसलो होतो. दूध न घेताच घरी गेलो. पण तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो, आणि त्या सबंध वर्षात आमची टीम जिवंत वाटली ती तेवढीच दुपार.

आता यंदाच्या अंदाजाकडे. सुरुवात सोपी आहे. ३० ऑगस्टला बॉल स्टेट, मग सदर्न इलिनॉय, दोन्ही घरी. या दोन जिंकल्याच पाहिजेत. नाही जिंकल्या तर ही पोस्ट मी डिलीट करेन. त्यानंतर युएससी, मग नोटर डेमच्या घरी. ऑक्टोबर इलिनॉयपासून सुरू, तेही गेल्या वर्षी दहा जिंकलेले. शेवटचा महिना मिशिगन, ओहायो स्टेट, वॉशिंग्टन, इंडियाना. गेल्या जानेवारीत राष्ट्रीय फायनल ज्या दोन टीममध्ये झाली, ओहायो स्टेट आणि नोटर डेम, त्या दोघीही आमच्या वेळापत्रकात. असं वेळापत्रक शत्रूलाही मिळू नये.

राहिले ऑक्टोबरचे तीन शनिवार. मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, रटगर्स. आमचा सीझन या तीन आठवड्यांत आहे. त्यातला एक जिंकलो तर तीन विजय, दोन जिंकलो तर चार. माझा अंदाज तीन. रटगर्स घरी आहे म्हणून. आणि हरताना किती फरकाने हरतो ते मी बघणार आहे. शेवटच्या क्वार्टरमध्ये मॅच हातात असेल तर लाइनमध्ये, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या फळीत, काहीतरी सुधारलं असं समजायचं. गेल्या वर्षी बऱ्याच मॅच मध्यंतराआधीच आटोपायच्या, क्वार्टरबॅकला मान वर करून बघायलाही वेळ मिळायचा नाही.

"पण इंडियानाचं बघा ना," असं प्रत्येक जण म्हणतो. म्हणजे ब्लूमिंग्टनच्या इंडियाना युनिव्हर्सिटीचं, आमच्या शेजाऱ्यांचं. सगळ्यात जास्त म्हणतो तो माझा तिथे शिकलेला मित्र. बघितलं की. तेव्हा कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सगळ्यात जास्त पराभव नावावर असलेली टीम. २०२३ मध्ये तीन विजय. कर्ट सिग्नेटी आले, जेम्स मॅडिसनहून स्वतःचे तेरा खेळाडू घेऊन आले, आणि पुढच्याच वर्षी अकरा विजय, दोन पराभव, थेट राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये. सगळं खरं. पण ते तेरा जण त्यांच्या हाताखाली खेळलेले, एकमेकांना ओळखणारे होते. आमचे पन्नास वेगवेगळ्या गावांतून आलेत. आणि त्यांचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक... जाऊ दे, हे म्हटलं की तो मला जळका म्हणतो. थोडासा आहेच.

त्यांच्याशी आमची शेवटची मॅच जुन्या ओकच्या बादलीसाठी असते. खरंच बादली, लाकडी. जो जिंकतो तो घेऊन जातो, आणि जिंकणाऱ्याचं अक्षर, I किंवा P, साखळीत अडकवलं जातं. १९२५ मध्ये पहिल्यांदा खेळले तेव्हा ०-० बरोबरी झाली, म्हणून पहिल्या कडीत दोन्ही अक्षरं आहेत. गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही ६६-० हरलो. मित्राने काही लिहिलं नाही. फक्त बादलीचा फोटो पाठवला. बाथरूममधल्या, प्लॅस्टिकच्या, निळ्या बादलीचा.

ही मॅच यंदा आमच्याकडे आहे, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी. काल त्याचा फोन आला, "तुझ्याकडे एक जास्तीचं तिकीट आहे म्हणे." बायकोने सांगितलं असणार. ये म्हटलं. बजावून ठेवलंय, इंडियानाचा लाल शर्ट घालून येणार असशील तर मधे मी बसणार, आजोबांच्या बाजूला तुला जागा नाही. तर विचारतो कसा, "त्या वहीत आमच्यासाठी पान शिल्लक आहे का रे?"

मी आजोबांसाठी नवीन वही घेऊन ठेवली आहे. दोनशे पानी.