मार्चअखेरचे पंचवीस हजार

गेल्या मार्चमध्ये एकाच आठवड्यात दोन शाळांचे हिशेब माझ्या कानावर आले. एक इंग्लंडमधल्या लेस्टरच्या सरकारी प्राथमिक शाळेचा. माझी धाकटी तिथे शिकते आणि पालकांनी निवडून दिलेला गव्हर्नर, म्हणजे शाळेच्या कारभारी मंडळाचा सदस्य, म्हणून मी तिथे बसतो. दुसरा पाटण तालुक्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेचा. माझ्या वहिनी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. फोनवर त्या म्हणाल्या, "भावजी, पंचवीस हजार आलेत, आठ दिवसांत संपवायचेत. नाहीतर परत जातात. रंग द्यायचं ठरलंय."

"रंग गेला होता का?"

"मागच्या वर्षी पण रंगच दिला होता."

हे पैसे म्हणजे समग्र शिक्षा योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान. निकषाप्रमाणे ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च व्हायला हवा. खडूपासून दुरुस्तीपर्यंत सगळं यातच भागवायचं. रक्कम तुटपुंजी आहे, यात वादच नाही. पण ती जूनमध्ये हातात पडली तर तिचं वजन वेगळं असतं आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पडली तर वेगळं. मार्चमध्ये शाळेला काय हवंय हे कुणी विचारत नाही, आठ दिवसांत कशाचं बिल मिळेल ते बघतात. रंगाचं बिल लगेच मिळतं.

आमच्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र चर्चा वेगळीच चालते. मास्तरांचे पगार एवढे आणि पोराला हातच्याची वजाबाकी येत नाही. वीसच्या आतला पट असलेल्या शाळांवर पैसा कशाला घालवायचा? किती खर्च होतो यावर सगळे तावातावाने बोलतात. तो कोण ठरवतं, कधी ठरवतं आणि कुणाला हिशेब देतं, यावर एक मेसेज येत नाही. माझ्या मते पैशाचं चीज होतं की नाही ते इथेच ठरतं.

इंग्लंडमध्ये १९८८ च्या शिक्षण कायद्याने शाळेचं अंदाजपत्रक शाळेच्या हातात आलं. दिवे, पुस्तकं, शिक्षक, सगळं त्यातून. त्यातले सुमारे चार-पंचमांश पगारातच जातात, म्हणजे हात मोकळा असतो तो थोडक्याच पैशासाठी. आम्हा गव्हर्नरांना मानधन नाही. सरकारने आमची जी तीन मुख्य कामं ठरवून दिली आहेत, त्यांतलं एक म्हणजे शाळेचा पैसा नीट खर्च होतोय का हे बघणं. दरवर्षी ३१ मार्चच्या आत तशी प्रश्नावली भरून, सभेत मंजूर करून कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या महापालिकेकडे, पाठवावी लागते.

शिवाय सरकारच्या संकेतस्थळावर कुणालाही कुठल्याही सरकारी शाळेचा खर्च तिच्यासारख्या तीस शाळांच्या शेजारी ठेवून बघता येतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही तसं बघितलं, तर वीज आणि गॅसच्या खर्चात आमची शाळा पार वर होती. मुख्याध्यापिकाबाई, केअरटेकर आणि मी बॉयलरच्या खोलीत गेलो. भिंतीवरच्या टायमरला सुट्ट्यांचा पत्ताच नव्हता. फेब्रुवारीच्या आठवडाभराच्या सुट्टीत रिकामे वर्ग सकाळी सहापासून तापत होते. केअरटेकरने खिशातलं शाळेचं कॅलेंडर काढलं आणि तिथेच उभ्याने सगळ्या तारखा घातल्या. वाचलेल्या पैशातून पहिलीच्या वर्गासाठी वाचनाच्या पुस्तकांचे दोन संच आले.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. वर्गात शिक्षकाच्या मदतीला टीचिंग असिस्टंट असतात. कच्च्या मुलांना त्यांच्याजवळ बसवायचं, अशी सगळीकडची पद्धत. २००९ साली इथल्या एका मोठ्या अभ्यासातून असं दिसलं की ज्या मुलांना या मदतनीसांचा आधार सर्वांत जास्त मिळाला, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. दोष मदतनीसांचा नव्हता. ज्या मुलाला शिक्षकाची सगळ्यात जास्त गरज, तेच शिक्षकापासून दूर बसत होतं. आम्ही सभेत एवढंच विचारलं की कुठलं मूल कुणाजवळ, किती वेळ आणि कशासाठी बसतं. मग बाईंनी वेळापत्रक बदललं. आता कच्च्या गटाजवळ शिक्षिका स्वतः बसतात, आणि मदतनीस ठरलेल्या मुलांकडून रोज वीस मिनिटं, रीतसर प्रशिक्षण घेऊन, वाचून घेतात. एक पौंडही जास्त लागला नाही.

गरीब घरच्या मुलांसाठी शाळेला वेगळा निधी मिळतो, २०२४-२५ मध्ये प्राथमिकच्या दर मुलामागे १,४८० पौंड. तो कशावर खर्च करणार आणि मागच्या वर्षीच्या खर्चाचं काय झालं, हे दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत शाळेच्या संकेतस्थळावर टाकावंच लागतं. वाचणारे पालक थोडेच असतात, पण लिहिणाऱ्याला दहादा विचार करावा लागतो.

इथली माणसं आपल्यापेक्षा शहाणी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नाही. खेळांसाठीचा निधी जुलैअखेर संपवावा लागतो, आणि जूनमध्ये आमच्याही शाळेत कॅटलॉग उघडून चेंडू, जाळ्या, मॅट मागवायची घाई सुरू होते. उलट बाकीची शिल्लक पुढच्या वर्षी वापरता येते, म्हणून ती जपून वापरली जाते. माणसं तीच, इमारत तीच. फरक पडतो तो नियमाचा.

नियम आपल्याकडेही आहे, पण तो कागदावरच राहतो, याचं मला फार वाईट वाटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणं आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. माझ्याकडे इथे जो अधिकार आहे, तो वहिनींकडे कायद्याने आहेच. प्रत्यक्षात काय होतं? "वही घरी येते, मी सही करते. वाचायला कोण देतंय?" असं त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांनाही मी दोष देत नाही. दोन शिक्षकी शाळा, चार इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरणं आणि अनुदान खर्च झाल्याच्या विनियोग प्रमाणपत्राची घाई. सभा बोलवायला त्यांना वेळ कुठून मिळणार?

आणि वरून ठरवलं की काय होतं, ते गणवेशाच्या वेळी महाराष्ट्राने पाहिलंय. पूर्वी समितीच जवळच्या शिंप्याकडून किंवा दुकानातून गणवेश घ्यायची. २०२४-२५ साली राज्याने 'एक राज्य एक गणवेश' म्हणत कापडाची खरेदी एकत्र केली. गणवेश उशिरा पोचले, मापात बसेनात, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हे काम पुन्हा समित्यांकडे द्यावं लागलं. घाऊक खरेदी कागदावर स्वस्त दिसते, पण चौथीतल्या मुलीच्या खांद्याचं माप मंत्रालयात कुणाकडे असणार?

कमी पटाच्या शाळांचंही तेच. २०२३ च्या सुमारास वीस किंवा त्याहून कमी पटाच्या जवळपास पंधरा हजार शाळा राज्यात होत्या. दरडोई खर्च जास्त म्हणून त्या मिटवून समूह शाळा करायच्या, असा विचार तेव्हापासून जोरात आहे. इंग्लंडमध्येही पट घटतोय, लंडनमध्ये शाळा बंद होतायत. पण इथल्या निधीवाटपाच्या सूत्रात प्रत्येक शाळेला, पट कितीही असो, एक ठोक रक्कम मिळते. दूरच्या छोट्या शाळांना आणखी थोडी वर मिळते, आणि खेड्यातली शाळा शक्यतो बंद करू नये, असं सरकारच सांगतं. कोयनेच्या खोऱ्यात श्रावणात ओढा भरला की सात वर्षांच्या मुलीला पलीकडे कोण नेणार? तिची शाळा सुटली तर तो खर्च कुठल्या रकान्यात धरणार?

अनुदान जूनमध्ये द्यावं, उरलं तर पुढच्या वर्षाला वापरू द्यावं, आणि खर्चाचा कागद शाळेच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात लावावा. याला नवा कायदा लागत नाही.

वहिनींनी या जूनमध्ये सभा बोलवायला लावली आहे, वही घरी न पाठवता. प्रश्न त्यांचे त्यांनीच काढलेत. मुलींच्या संडासात पाणी का नाही? विजेचं थकलेलं बिल किती आहे? आणि कपाटात कुलूप लावून ठेवलेली गोष्टींची पुस्तकं पोरांच्या हातात कधी देणार?