साक्षीला काय, कोणीही चालतं!

मृत्युपत्र करायचं ठरवलंत? छान. आता साक्षीदार निवडण्यात डोकं शिणवू नका. भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ६३ : किमान दोन साक्षीदार. तिसरा घेऊन उगाच एका चहाचा खर्च वाढवू नये.

पहिला साक्षीदार आपल्याहून वयाने मोठा बघा. तुम्ही ७२ चे असाल तर बागेत भेटणारे ८५ चे अण्णा झकास. उद्या मुलं कोर्टात भांडली की एका तरी साक्षीदाराला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागतं, "होय, यांनी माझ्यासमोर सही केली." तोवर अण्णा तुमच्याआधीच वर पोचलेले असतील. तिथे ओळखीचं कोणी भेटलं म्हणजे बरं वाटतं.

दुसरा साक्षीदार धाकटा चिरंजीव. होय, ज्याच्या नावे फ्लॅट करताय तोच. घरचा माणूस, रजाही टाकावी लागत नाही. थोरल्याच्या वकिलाला उलटतपासणीत पहिला प्रश्न शोधत बसावं लागणार नाही. ख्रिस्ती किंवा पारशी असाल तर आणखी सोपं : कलम ६७ मुळे साक्षीदाराला दिलेली मिळकत त्याला मिळतच नाही.

साक्षीदाराने तुम्हाला सही करताना पाहावं, निदान 'ही सही माझीच' असं तुमच्या तोंडून ऐकावं, आणि मग तुमच्यादेखत आपली सही ठोकावी, असं कायदा म्हणतो. दोघांनी एकाच वेळी हजर असायला हवं असं नाही. कायद्याने एवढी ढील दिलीच आहे, तर आपण ती जरा ताणायची. कागद जावयाकडे द्या. एक सही लिफ्टमध्ये होते, दुसरी स्कूटरच्या सीटवर. "कुठे करू?" एवढंच लोक विचारतात. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण दुसऱ्या मजल्यावरचे काका मात्र तो अथपासून इतिपर्यंत वाचतात आणि सही न करता परत देतात.

साध्या कागदावर, मुद्रांक शुल्काशिवाय मृत्युपत्र चालतं, हे कोणाला सांगू नका. पाचशेचा स्टँप पेपर घ्याच. त्याशिवाय घरच्यांना ते खरं वाटत नाही.

नोंदणीची सक्ती नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात एकदा जाऊन या. तिथे तुमची ओळख पटवणारेही दोघे लागतात. नातेवाइकांना त्रास कशाला? एजंट फाटकापाशी उभं असलेलं एखादं पोरगं आणून देतो. दस्तावर छापून येतं की हे इसम तुम्हाला 'व्यक्तिशः ओळखतात'. ओळख वीस मिनिटांची, तीही तुम्ही त्याला पेन दिलंत म्हणून. सर्व्हर डाउन असेल तर मात्र नशीब काढलंत. टोकन हातात धरून तीन तास बाकावर बसलात की त्या पोराला तुमची शुगर, सुनेचा स्वभाव आणि थोरला दिवाळीलासुद्धा फोन करत नाही हे सगळं पाठ होतं. मग तो कॅमेऱ्यात बघतो, अंगठा टेकवतो, तेव्हा त्या दस्तातलं निदान ते एक वाक्य तरी खरं झालेलं असतं.